डावीकडून भरणारा चंद्र

होबार्ट, मंगळवार

लाडक्या नेव्हिल,

तुझी बायको जिंकली! आधी गोठ्यात जाऊन गाईंना सांग.

कॉलेजात खगोलाच्या प्रात्यक्षिकासाठी रोज चंद्राचं चित्र काढायचं होतं. मी दिसला तसा काढला, डावीकडून भरत जाणारा. वर्गातल्या पोरांनी पुस्तकातला उतरवला, उजवीकडून भरणारा. त्यांना पैकीच्या पैकी, मला भोपळा! आमचे सर गेल्याच महिन्यात नॉर्वेहून आलेत. म्हणाले, "थेल्मा, आरशात बघून काढलंत की काय?"

मी त्यांना हाताला धरून मैदानात नेलं. वर अर्धा चंद्र होता, डावीकडून उजळलेला. सर बघतच राहिले, मग खो खो हसले. "पुस्तक आमच्या उत्तरेकडचं! इथे दक्षिण गोलार्धात चंद्र उलटा दिसतो, हे मीच शिकवतो आणि तपासताना मीच विसरलो!"

आता पैकीच्या पैकी मला, आणि पोरं मैदानात माना वर करून बसलीत.

तुझा गुडघा कसा आहे? धाकटं वासरू दूध पितंय ना?

एक सांगायचं राहिलं. भोपळा मिळाला त्या दिवशी मी घरी यायला बॅग भरली होती. आज रिकामी केली. तेव्हा राजा, मटण भाजायला शिकच आता.

तुझीच, पण इथेच राहणारी,
थेल्मा