शेवटच्या खोलीतली जास्तीची वीज

सोमवार, ४ तारीख

पोचले एकदाची. बोलतेय मी आणि लिहितेय सूनबाई, कारण अक्षरांची आणि माझी आयुष्यात कधी ओळख झाली नाही. आता या वयात ती करून घ्यायची म्हणजे अक्षरांनाच संकोच वाटायचा. ही कल्पना मुलाची. म्हणाला, आई, तू एवढं बोलतेस ते सगळं वाऱ्यावर जातं, तर रोज थोडं सांगत जा. झोप कशी लागली, अंगाला काय वाटलं, सगळं. मी विचारलं, माझ्या अंगाला काय वाटलं याची चौकशी कुणाला? म्हणाला, मला. ऐकून काळीज सुपाएवढं झालं, खोटं कशाला सांगू.

सूनबाईने तर दारातच मिठी मारली आणि रडायला लागली. आनंदाने, म्हणे. सासू राहायला आली म्हणून आनंदाने रडणारी सून मी अजून पाहिली नव्हती. मला आधी वाटलं, आपण चुकीच्या घरात शिरलो. (लिही हे, गाळू नकोस. हसतेस काय?)

घर गल्लीच्या टोकाला, बसकं, पांढरंशुभ्र. भिंतींवर खटके नाहीत, गोल बटणं आहेत. बटण उजवीकडे फिरवलं की लख्ख, डावीकडे फिरवलं की हळूहळू संध्याकाळ. मुलाचा धंदाच तो. लोकांच्या घरांत, हॉटेलांत, दवाखान्यांत असे मंदावणारे दिवे बसवून देतो. हे घर म्हणजे त्याच्या दुकानाची काच. गिऱ्हाईक येतं, हॉलमध्ये गुबगुबीत खुर्चीत बसतं, हा दिवे खाली घेतो आणि मोठमोठी माणसं निजवलेल्या बाळासारखी गप्प होतात.

माझी खोली व्हरांड्याच्या शेवटी. खाट रुंद, आणि नवल म्हणजे ऊबदार. गादीखाली धातूची पातळ पाटी आहे, तिची तार भिंतीत गेलीय. मुलगा म्हणाला, तुझ्या गुडघ्यांना शेक. लहानपणी गृहपाठ विसरायचा तो पोरगा माझे गुडघे लक्षात ठेवून बसलाय. काय बोलणार?

बुधवार, ६ तारीख

आज मुलाने मला त्याची विद्या समजावली. मला समजली म्हणजे कुणालाही समजेल.

जुने बल्ब खादाड होते. ही फिरवायची बटणं, डिमर म्हणतात त्यांना, त्या खादाडांसाठी घडवलेली. आताचे एलईडी चिमणीएवढं खातात. त्यांना मंद केलं की आणखीच कमी. पण डिमर वाढतो ते जुन्याच हाताने, मग ताटात उरतं. उरलेली वीज काही झाकून ठेवता येत नाही. ती तारेत घुटमळते, दिवे फडफडतात, आणि बंद केले तरी विझत नाहीत, मिणमिणत राहतात. म्हणून त्या ओळीवर जास्तीची वीज पिऊन टाकणारं काहीतरी जोडावं लागतं. त्याला लोड म्हणायचं. तो पितो आणि तापतो. उजेड जितका मंद, तितकं त्या बिचाऱ्याच्या वाट्याला जास्त.

मी म्हटलं, म्हणजे घरातली सासुरवाशीण. सगळे जेवून उठले की उरलेलं हिने संपवायचं. मुलगा खूप हसला. सूनबाई हसली नाही.

आणि एक. या घरात दिवसाढवळ्या दिवे जळतात आणि तेही लख्ख! माझ्या डोळ्यांना बघवेना. मी येता-जाता प्रत्येक बटण डावीकडे फिरवत सुटले. हॉलचं, स्वयंपाकघराचं, न्हाणीघराचं. कशाला हवा एवढा उजेड, कुणाची बारीक अक्षरं वाचायचीत? मुलाने पाहिलं, पाठीवर हात ठेवला, म्हणाला, शाब्बास आई, असंच करत जा.

शनिवार, ९ तारीख

झोप चांगली. फारच चांगली, उठवत नाही. जिभेवर पैसा ठेवल्यासारखी चव. स्टीलचा पेला हातात घेतला तर चावला. केस विंचरायला घ्यावेत तर फणीच्या मागे धावतात. तरुणपणी हे केस इतके आज्ञाधारक असते तर!

सकाळी सूनबाईबरोबर बागेत बाकावर जाऊन बसले. दोन घटका मोकळं वाटलं. परत आलो तर मुलगा घुश्शात. आम्ही बाहेर असताना गिऱ्हाईक आलं होतं आणि हॉलमधले दिवे नाचायला लागले म्हणे. मला गोडीत म्हणाला, आई, माणसं येणार असतील तेव्हा बाहेर नको ना जाऊस. मी म्हटलं, का रे, तुझे दिवे माझ्यासाठी झुरतात का? तो बघतच राहिला माझ्याकडे.

खोलीत आधी सूनबाईची आई राहत होती. कपाटात तिची शाल सापडली, काठ करपलेला. मी विचारलं, विहीणबाई कुठे असतात? माझ्या थोरल्या बहिणीकडे, म्हणाली. मग उठून चहा टाकायला गेली. चहा नुकताच झाला होता.

मंगळवार, १२ तारीख

ऊब आता फक्त खाटेत नाही. खुर्चीत बसले तरी पाठीशी आहे. व्हरांड्यात उभी राहिले तरी तळव्यांतून चढते. ताप म्हणावा तर कपाळ गार. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. वयाच्या मानाने उत्तम म्हणाल्या. त्यांनी माझ्या मनगटाला हात लावला आणि चटकन काढला, मग तोच पैसे घ्यायला पुढे केला. त्यांची फी बुडायला नको.

दुपारी पडदे ओढून पडले होते. चादरीतून हात बाहेर काढला, तर बोटांची टोकं दिसली. पडदे घट्ट होते. खोलीत दिवा नव्हता. तरी नखं दिसत होती. बंद केलेला दिवा मिणमिणतो तशी.

मुलाला दाखवलं. घाबरेल वाटलं होतं. त्याने खिशातून आकडे दाखवणारा चिमटा काढला, माझ्या बोटाला लावला, आकडा बघितला. नाडी बघतो म्हणाला. नाडी बघताना कुणी इतकं खूश होतं का?

शुक्रवार, १५ तारीख

सूनबाई, आज हळू लिही. मला नीट सांगायचंय.

सकाळी अंगाची नुसती आग. डोळ्यांच्या मागे कुणी निखारे ठेवलेत. आणि मध्येच, एकाएकी, निवलं. विहिरीत पाय सोडावेत तसं गार. मी उठून हॉलमध्ये आले. तू कानातलं शोधत होतीस, त्यासाठी दिवे लख्ख केले होतेस. सापडल्यावर खाली घेतलेस, आणि माझ्या अंगात वणवा.

मी तुला काही बोलले नाही. तू आत गेलीस तेव्हा बटणाशी जाऊन उभी राहिले. उजवीकडे फिरवलं, निवले. डावीकडे फिरवलं, पेटले. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

उजेड मंद झाला की उरतं. उरतं ते मी पिते.

आणि आल्यापासून घरभर फिरून एकेक बटण मंद कोण करत होतं? मी! काटकसर करत होते. स्वतःच्या हाताने स्वतःला वाढत होते, आणि तो पाठीवर हात ठेवून म्हणत होता, शाब्बास.

(थांबू नकोस. लिही. शाब्बास म्हणत होता.)

रविवार, १७ तारीख

विचारलं त्याला. समोर बसवून, लहानपणी बसवायची तसं.

नाकारलं असतं तर बरं झालं असतं. त्याने समजावलं. मऊ आवाजात, गिऱ्हाइकाला समजावतो तसं. बाजारातले लोड जळून जातात म्हणे. तापतात, वास येतो, भिंत काळी पडते. माणसात मात्र वीज वास न येता जिरते. माणसांतही फरक असतो. काहीजण लगेच बोंब मारतात. आईइतकं निमूट पचवणारं, म्हणाला, दुसरं काही मला सापडलं नाही.

कौतुकाने म्हणाला हे. त्याचे डोळे भरून आले होते.

मग ही वही का, तेही सांगितलं. झोप कशी, अंगाला काय वाटलं, जिभेला चव कसली. रोज वाचतो. सूनबाईचं लिहून झालं की ती त्यालाच नेऊन देते. मला वाटत होतं, आईचं बोलणं जपून ठेवतोय.

मी म्हटलं, खाट बदल, मी जमिनीवर झोपते. म्हणाला, आता उपयोग नाही, आई. एकदा अंगातून वाट झाली की वीज ती वाट सोडत नाही. घरात जिथे असशील तिथे येणार.

घरात ना? मग घरच सोडते, म्हटलं. त्याने माझ्या काठीकडे पाहिलं.

संध्याकाळ

काठी जागेवर नाही. पॉलिश करायला नेलीय म्हणे. काठीला पॉलिश! लग्नाला निघालीय का ती? काठीशिवाय मी खाटेपासून खिडकीपर्यंत. फाटक लांब आहे.

सोमवार, १८ तारीख

बटणं काढली भिंतीवरची. सगळी. आता दिवे त्याच्या फोनवर. हॉलमध्ये एकच ठेवलंय, गिऱ्हाइकांना फिरवून बघायला.

सूनबाईला विचारलं. तुझ्या आईचं काय झालं ते सांग, आणि तुझ्याच हाताने लिही.

लेखणीला टोपण लावलं तिने, परत काढलं. मग सांगितलं. थोरली बहीण नाहीच तिला. आई याच खाटेवर — मंद मंद होत गेली, म्हणाली. दिवा खाली घेतात तशी. शेवटी चादरीत नुसता उजेड होता. मग तोही —

मी विचारलं, आणि ती गेल्यावर? मी येईपर्यंत जास्तीची वीज कुठे जात होती?

तिने बाही वर केली.

कोपरापर्यंत नसा दिसतात. पांढऱ्या. मिणमिणत्या.

म्हणून रडली होती दारात. आनंदानेच रडली होती. खरं बोलली होती बिचारी.

बिचारी काय म्हणतेय मी. माझ्या जागी तू, नाहीतर तुझ्या जागी मी. एवढाच हिशेब तुझा. माझे पाय चेपायचीस रोज. किती तापले ते बघत होतीस?

(उत्तर देऊ नकोस. लिही.)

मंगळवार, १९ तारीख

मोठी गिऱ्हाइकं आज. हॉटेलवाले. सगळ्या खोल्यांचं काम मिळणार. मुलगा नवा शर्ट घालून आला, पाया पडला. आज दिवे अगदी तळापर्यंत न्यायचेत, म्हणाला. मेणबत्तीपेक्षा मंद. आणि फडफड नको, आई. एकदा सांभाळून घे.

मी विचारलं, तुझी आई किती पिऊ शकते, मोजलंस का रे?

मोजलंय, म्हणाला.

आणि आजचं त्यापेक्षा जास्त की कमी?

उशी नीट केली माझी. गेला. दार ओढून घेतलं.

एवढासा होता तेव्हा अंधाराला भ्यायचा. रात्रभर दिवा — नको. ते नको लिहूस. त्याला वाचायला नको मिळायला.

सूनबाई आहे जवळ. बसलीय. तिला सांगितलंय, ते लोक आले की हॉलमध्ये जा. चहा घेऊन जा. जाता जाता ते एक बटण उजवीकडे. एवढंच. फाटकापर्यंत नेऊ नकोस, भांडू नकोस. बटण तेवढं. हो म्हणाली. मान हलवली म्हणजे.

आले. गाडीचं दार वाजलं. हसताहेत.

त्याचा आवाज. बघा हं, म्हणतोय, आता हळूहळू —

तळवे. गुडघे. जिभेवर — चव नाही आता, जीभच —

चहा झालाय ना गं? मग जा. ऊठ. तुझे हात बघ, विझले तुझे हात. छान गोरे दिसताहेत. बघून झालं असेल तर ऊठ.

खोलीत किती उजेड पडलाय — माझाच —

हॉलमध्ये गप्प झाले सगळे. अजून खाली घेतोय —

अगं, लिहितेस काय? मी सांगतेय ते लिहू नकोस, जा. वही ठेव. हेही लिहिलंस? उजेड आहे म्हणून लिहितेस? माझ्याच उजेडात बसून — हे नको लिहूस, ऊठ, पोरी, ऊठ ना, लेखणी खाली ठेव, बट—