अण्णांचं ऊन

४ नोव्हेंबर १९८५
अण्णांना आज पुन्हा चाळीच्या संडासातून मी उठवलं. उकिडवं बसलं की मांड्यांत जोरच राहत नाही त्यांच्या. मी दाराबाहेर उभं राहायचं, हाक आली की आत जायचं. बाप-मुलगा दोघंही तोंड फिरवून. रांगेतला श्यामसुंदर म्हणाला, "काय रे, ड्यूटी लागली काय?" कॉलर धरली त्याची. अण्णा म्हणाले, "सोड रे. माका आधी घरात ने."

६ नोव्हेंबर
डॉक्टर म्हणतात, नुसतं वय नाही, डी व्हिटॅमिन कमी पडलंय. मिलमध्ये तीस वर्षं रात्रपाळी, दिवसा झोप. संपानंतर ही तळमजल्याची खोली. अंगाला ऊन लागलं कधी? ते नसलं की हाडं दुखतात, मांड्या ढिल्या पडतात. कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. "रोज उघड्या अंगाने उन्हात बसवा. काही महिने लागतील. नाहीतर अंथरूण धरतील हे."

७ नोव्हेंबर
पाठीवर घेऊन गच्चीवर नेलं. दहा वाजता. दहाला वरच्या मजल्यावरची जयंती कपडे वाळत घालायला येते.

२ डिसेंबर
अण्णा फुल हाताचा शर्ट काढत नाहीत. वर मफलर. म्हटलं, डॉक्टर काय म्हणाले? "थंडी आसा रे." मुंबईत, नाहूरला कसली थंडी! म्हटलं, बसा तसेच. माझं लक्ष दोरीकडे.

१४ जानेवारी १९८६
संक्रांत. जयंतीने अण्णांच्या हातावर तिळगूळ ठेवला. मलाही दिला — बोलली नाही. तिची छेड काढणाऱ्याचं नाक मी कॉलेजात फोडलं, माफी मागितली नाही, कॉलेज सुटलं. तेव्हा एवढंच म्हणाली होती, "तुला कुणी सांगितलं होतं?"

१९ जानेवारी
फरक शून्य. अण्णा आज मोरीत बसले ते बसलेच. डॉक्टरांनी विचारलं, "ऊन घेतात ना?" मी हो म्हणालो.

२२ जानेवारी
जयंतीचं ठरलं. मुलगा मालाडचा, बँकेत आहे. तिच्या आईने पेढा दिला. खाल्ला. चव कळली नाही.

१६ फेब्रुवारी
लग्न झालं. गेलो नाही. कुणाला तरी मारावं असंही वाटत नाही.

१८ फेब्रुवारी
अण्णांना वर नेलं. सवय म्हणून. गच्चीवर कुणी नाही. अण्णांनी इकडेतिकडे पाहिलं, मफलर सोडला, शर्ट काढला, गंजीफ्रॉकही. पाठ एकदम फिकट. मी पाहिलं आणि पाहिलं नाही.

३० मार्च
रोज नेतो. दुसरं काय करायचं, सुचत नाही. आज जिन्याच्या चार पायऱ्या कठडा धरून स्वतः चढले.

११ मे
आज हाक आलीच नाही. अण्णा भिंतीला हात टेकून संडासातून आपले आपण बाहेर आले.
चहा घेताना मी विचारलं, "शर्ट आधी का नाही काढलात?"
"परक्या पोरीसमोर उघडो बसू?"
"मग सांगायचं ना. वेळ बदलली असती."
बशीतला चहा संपवला त्यांनी.
"दहाची वेळ नसती, तर माका वर नेलं असतंस काय रे?"