वारस

तारीख सतरा, गुरुवार

चि. टिटवीस,

आजीचे आशीर्वाद. मी ठीक आहे. गुडघे माझे आहेत असं अजून तरी कोणी सिद्ध केलेलं नाही, तरी चालते. हे पत्र तुझ्याआधी तुरुंगातले साहेब वाचतील. साहेब, वाचून झालं की घडी नीट घाला, मागच्या वेळी चुरगळून दिलंत.

तू पत्रात विचारलंस, बाबा पत्राला उत्तर का देत नाही. सांगते. आधी इकडचं ऐक.

कारखान्यामागचा ढिगारा तसाच आहे. फुटके अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे रोज आणून टाकतात, वारा सुटला की सगळी वस्ती पीठ चाळल्यासारखी दिसते. शेजारीण अजून त्याच धुळीत कपडे वाळत घालते आणि वर मलाच म्हणते, "तुमच्या नातीने भांडून काय झालं?" मी म्हटलं, "तुझ्या साड्या पांढऱ्या झाल्या, ते बघ आधी."

तुमची ती दर आठवड्याची वकिलांबरोबरची बैठक चालू आहे. वस्ती भडकवल्याच्या आरोपावरून तू आत गेल्यावर पहिल्या बैठकीला पडद्यावर तुझा चौकोन काळा दिसला. आपली चष्मेवाली वकील, ती त्या परदेशी कंपनीच्याच देशातली, म्हणाली की प्रत्येकाने हजेरी दिल्याशिवाय आपण कामाला लागत नाही, तो नियम मोडायचा नाही. मग मीच तुझ्या खुर्चीत बसले. दुभाषी मुलीने सांगितलं, "आजी, नुसतं 'हजर' म्हणा." तेव्हापासून म्हणते. बैठकीतल्या दुसऱ्या, दाढीवाल्या वकिलाच्या देशातही याच कंपनीने असाच ढीग टाकलाय. त्याने मला त्याचा ढीग दाखवला, मी त्याला आपला दाखवला. माणसं एकमेकांना नातवंडांचे फोटो दाखवतात तसं.

बाबाच्या सायकलच्या दुकानाला कुलूप आहे. पंक्चरवाले दारात येऊन परत जातात.

मागच्या भेटीत जाळीपलीकडून तू ओरडून विचारलंस, "बाबा का नाही आला?" मी कानाला हात लावून ऐकू येत नाही असं दाखवलं. ऐकू येत होतं.

टिटवे, तुझा बाप गेला. भेटीच्या आधीच गेला. शेवटी शेवटी श्वास घेताना सायकलचा पंप फाटल्यासारखा आवाज यायचा. जाण्याआधी म्हणाला, "पोरीला इतक्यात कळवू नकोस. कोर्टाची तारीख होऊ दे." मीही तेच ठरवलं होतं, कारण कंपनीचा वकील तो जाण्याच्या आदल्या दिवशीच दारात येऊन बसला होता. गोड बोलत होता. म्हणाला, "वाईट काही झालंच तर तिला शेवटचं बघायला सोडवून आणू. फक्त तिने लिहून द्यावं की वस्तीला मीच फूस लावली, तक्रार खोटी आहे." मी त्याला पाणी दिलं. तो ते प्यायला नाही. आपल्या वस्तीचं पाणी त्याला चांगलं ठाऊक आहे.

कंपनीचं म्हणणं तुला माहीत आहे: कारखान्यात काम करणाऱ्यांनाच धूळ लागते, वस्तीला नाही. तुझ्या बापाने कारखान्यात कधी पाय ठेवला नाही, विडी ओढली नाही, जन्मभर सायकली उलट्या करून बसला. त्याच्या फुफ्फुसात कंपनीची धूळ निघाली तर ती हवेतूनच आली, दुसरा रस्ता नाही. तो गेल्यावर चष्मेवालीला तेच फुफ्फुस तपासायला मागायचं होतं. पडद्यावर तोंड उघडायची आणि रडायची. मी म्हटलं, "बाई, रडायचं तर आधी रड, मग माग. दोन्ही एकदम करू नकोस, दुभाषीचा गोंधळ होतो."

मागितलं. मी कागदावर सही केली. डॉक्टरांनी तुकडा काढला, मेणाच्या वडीत बसवला, डबीत घातला. तुझा बाप पलीकडच्या गावालाही कधी मुक्कामाला गेला नाही. त्याचं फुफ्फुस विमानात बसून कंपनीच्या देशात गेलं.

सोमवारी तिकडच्या न्यायाधीशाने मला पडद्यावर विचारलं, "मयत तुमचा कोण?"

"मुलगा."

"म्हणजे दाव्यात तुम्ही त्याच्या वारस?"

"उलटं लिहायचं होतं साहेब. पण हो."

धूळ निघाली. कंपनीची, तीच. तिकडच्या कोर्टाने दावा चालवायला घेतला. बैठकीत कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, दाढीवाला नुसता मान खाली घालून बसला होता. त्याच्याकडेही आता एक बाई अंथरुणाला खिळलीय, ढिगाऱ्याजवळची. तिच्या घरच्यांना विचारायचं त्याच्यावर आलंय.

आता तक्रार खोटी असल्याचं लिहून घ्यायचा तो कागद तुझ्यापुढे येईल. म्हणतील, बाप गेला, म्हातारी एकटी आहे, सही कर आणि घरी जा. त्यांच्या तोंडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं. मी एकटी नाही असं लिहिणार नाही, खोटं होईल. खोकला मलाही लागलाय. तू सुटशील तेव्हा दार उघडायला मी असेन असंही सांगत नाही.

सही करून आलीस तर घरात घेईन, जेवायला वाढीन, एक शब्द बोलणार नाही. पण तुझ्या बापाला मी कापू दिलं. ते फुकट गेलं असं मला या वयात वाटायला लावू नकोस.

त्याला तुझ्याशिवाय स्मशानात पोचवलं. त्याबद्दल रागवायचं असेल तर रागव, मला लिहून कळव. आत जेवण कसंही असलं तरी टाकू नकोस.

मंगळवारी बैठक आहे. तुझ्या खुर्चीत मी आहे. माझ्यानंतर डॉक्टरांनी काय करायचं, त्याच्या कागदावर सही करून ठेवलीय.

हजर,
तुझी आजी