आमोसच्या खांद्यांवरच्या झालरी

फिलाडेल्फिया,
दहाव्या महिन्याची अकरावी तारीख, १८०३

प्रिय दीर जेसी यास,

वहिनी फीबीचा सप्रेम नमस्कार. (लहानथोर सगळ्यांना एकेरी हाक मारायची आपल्या क्वेकर सभेची रीत, म्हणून ‘तू’ लिहिते, मनातला मान आहे तसाच आहे.) तुझा गुडघा आता कसा आहे? सफरचंदांची तोडणी उरकली का? माझी प्रकृती परवापर्यंत ठीक होती. परवा काय झालं ते सांगते.

उन्हाळ्यात तुझा भाऊ आमोस गेला, तेव्हा त्याची एकच आठवण घरात उरली: संग्रहालयात कातरून घेतलेली त्याच्या चेहऱ्याची कागदी छाया. नाक आणि हनुवटी हुबेहूब, पण छायेला डोळा नसतो, आणि मला त्याचा डोळा हवा होता. म्हणून सभेत कुणाला न सांगता (चित्र काढून घेणं म्हणजे मिरवणं, हे मला ठाऊक आहे) मी ती छाया मस्यू द्युबोस्क या फ्रेंच माणसाकडे नेली. तांब्याच्या पत्र्यावर चेहरा कोरून तो बशीएवढे छाप काढून देतो. डोळा मी त्याला तोंडी सांगितला, आणि उजवी भुवईही. समोरच्याचं म्हणणं पटलेलं नसल्यासारखी ती जरा चढलेली असे. कपड्यांचं त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. जन्मभर एकच राखाडी कोट घालणाऱ्या माणसाच्या कपड्यांचं काय सांगायचं?

परवा छाप घरी आले. चेहरा आमोसचा. डोळा त्याचा, भुवईसुद्धा त्याची. आणि मानेखाली सेनापती! खांद्यांवर झालरी, छातीवर बिल्ला, बटणांच्या दोन रांगा. ज्यानं युद्धाचा कर नाकारून घरातलं घड्याळ जप्त होऊ दिलं, कोंबडी कापायची म्हटली की जो परसात निघून जायचा, तो आमोस! मी तशीच धावत द्युबोस्ककडे गेले.

“बाई, एका सेनापतीचा पत्रा तयार होता, तो न्यायला आलाच नाही,” तो म्हणाला. “तांबं का वाया घालवायचं? डोकं घासून काढलं, तुमच्या यजमानांचं बसवलं. या धंद्यात सगळे असंच करतात. आणि धड बघा की, केवढं भारदस्त मिळालंय!”

“आम्ही क्वेकर आहोत. आमच्यात कुणी शस्त्राला हात लावत नाही.”

“मग अडचण काय? मी हात दाखवलेच नाहीत.”

मी म्हणाले, कोट बदलून नवे छाप दे. तेव्हा कळलं, आमोसचंही डोकं घासून झालं होतं. त्या धडावर आता कुणी जहाजाचा कप्तान बसला होता. जेसी, एकाच वर्षात तो दोनदा गेला.

घरी परतले तर सभेचा वडीलधारा मॉर्डेकाय आणि त्याची बायको टेसी सांत्वनाला येऊन बसलेली, आणि छाप टेबलावर उघडे! मॉर्डेकायनं एक छाप खिडकीच्या उजेडात धरला. मग म्हणाला, “फीबी, या नोकरीबद्दल आमोस आम्हांला कधी बोलला नाही.”

“भुवई बघ ना,” टेसी नवऱ्याला म्हणाली. “तू सभेत बोलायला उठलास की अस्साच बघायचा.”

मॉर्डेकायनं निक्षून सांगितलं, येत्या सभेआधी हा सैनिक घरातून गेला पाहिजे. बाकीचे छाप मी चुलीत घातले. एक हातून सुटेना. पण सभेची आज्ञा मोडणारी मी नव्हे. उद्या मन घट्ट करून तोही जाळेन. एवढंच कळवायचं होतं.

तुझी वहिनी,
फीबी यार्नल

ता. क. पत्र मिटण्याआधीच टेसी येऊन गेली, छाप जाळायचा राहिला. आमोसचा राखाडी कोट तू गोठ्यात घालतोस ना? त्याच्या आतल्या दुमडीतून तळहाताएवढं कापड कापून ताबडतोब पाठव. ते छापावर चिकटवेन. राखाडी कोटातला आमोस भिंतीवर असला तर त्याकडे काणाडोळा करायचा, इतपत मॉर्डेकाय टेसीपुढे वाकला आहे.

पुन्हा ता. क. हे मात्र वाचून फाडून टाक. खळ मी फक्त वरच्या काठाला लावणार आहे, म्हणजे कापड पडद्यासारखं उचलता येईल. झालरी त्याला शोभतात, जेसी.