निंबाखालचं घर

१८ नोव्हेंबर

निंबावर लाल फुली मारून गेले! महापालिकेचे झाडं तोडणारे दोघं सकाळीच दारात. म्हणे वाळलंय, कुणाच्या डोक्यात पडायच्या आत काढावं लागेल. मी म्हटलं, आधी तुमच्या पडू द्या. समोरच्या वच्छलाबाईनं मला हाताला धरून घरात आणलं. तिनंच मग गोड बोलून त्यांना चहा पाजला. उन्हाळ्यापर्यंत थांबतो म्हणाले. तोवर पालवी फुटली तर ठीक, नाहीतर करवत.

शेंडे सगळे जळाल्यासारखे झालेत. शहरातल्या निंबांना सगळीकडंच हा रोग आलाय म्हणतात. शहराचं मला काय करायचंय? यांना घर त्या झाडावरून सापडतं.

१९ नोव्हेंबर

झोप नाही. लिहून तरी काढते.

यांना आता गल्लीचं नाव आठवत नाही. एस.टी.च्या वर्कशॉपात उभी हयात गेली, इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगायचे, आणि आता शर्टाची गुंडी कुठं लावायची ते विचारतात. मागच्या साली गुलमंडीच्या बाजारात हरवले तेव्हा कापडवाल्याला एवढंच सांगता आलं — निंबाखालचं घर. रिक्षावाल्यानं बिचाऱ्यानं निंब हुडकत हुडकत आणून सोडलं.

झाड यांनीच लावलंय, घराचा पाया खोदला त्या वर्षी. रोज संध्याकाळी एकटे चक्कर मारतात. कोपऱ्यावरून शेंडा दिसला की बरोबर आत वळतात. प्रणय फोनवर म्हणतो, आई, ती चक्कर बंद कर. तू ये पुण्याहून अन् कर बंद, म्हटलं. एकट्यानं करायचं एवढंच एक काम उरलंय यांना. ते मी काढून घेणार नाही.

२४ नोव्हेंबर

निंबाच्या पारावर सगळी गल्ली जमली. मागच्या घरचे सर्जेराव बँकेत आहेत, पण जीव सगळा गावाकडच्या डाळिंबात. शेंड्याची काडी मोडून बघितली अन् म्हणाले, शेंडेमर आहे, बुरशी. रोगट तेवढं छाटायचं, जाळायचं, कापल्या जागी मोरचूद-चुन्याचा लेप द्यायचा. वर्गणी नको, हात द्या म्हणाले. सगळ्यांनी दिले. जयंतीच्या मंडपावरून दर वर्षी भांडणारी माणसं ही! मला भरून आलं. तोंडानं मात्र म्हटलं, बघू किती टिकतंय.

१ डिसेंबर

झालं एकदाचं. सर्जेराव शिडीवर. डाळिंब छाटतात तसंच सपासप छाटलं — वाळलेलं गेलं, त्याच्याबरोबर हिरवंही गेलं. "वहिनी, डाळिंबं अशीच मोकळी करतो आम्ही. मग कसं तरारून येतंय बघा." मी मान डोलावली. बायांनी काटक्या गोळा करून मोकळ्या प्लॉटवर जाळल्या. लेप कालवला तर निळाशार! सगळं खोड निळं झालं. शेजारचा सम्यक हसून म्हणाला, "काकू, झाडानं पण जय भीम घातला." लाल फुली त्याच्याखाली गेली. लई दिवसांनी पोट धरून हसले.

हे तेव्हा आत झोपले होते.

२ डिसेंबर

जावळ काढलेल्या पोरासारखं दिसतंय झाड. यांना सर्दी आहे, बाहेर नेलं नाही.

७ डिसेंबर

काल लिहायची ताकद नव्हती.

सर्दी उतरली म्हणून यांना दुपारीच चकरेला सोडलं. मी विहारात जायला पांढरी साडी नेसत होते. दिवेलागण झाली तरी पत्ता नाही! तेव्हा टाळकं ठिकाणावर आलं — कोपऱ्यावरून शेंडा कुठं दिसतोय आता? आम्ही सगळ्यांनी मिळून झाड वाचवलं अन् यांची खूण छाटून टाकली. एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही!

वंदनेला निघालेली गल्ली तशीच पांढऱ्या कपड्यात हुडकायला पांगली. सर्जेराव मोटरसायकलवर, डोळे लाल. शेवटी दौलताबादहून फोन आला, यांच्या कॉलरला आतून मी नंबर शिवलाय त्यावर. पेरू विकणाऱ्या गीताबाई बोलत होत्या. हे एस.टी.त बसून तिथं उतरले अन् रस्त्याकडेच्या निंबाखाली जाऊन बसले. त्यांना म्हणाले, आलं बघा घर.

आम्ही पोचलो तर मांडीवर चार पेरू. मला बघून म्हणाले, "लई उशीर केलास, रतन." तिथंच रस्त्यावर रडले मी.

८ डिसेंबर

हे खिडकीतून झाडाकडं बघून म्हणतात, आपलं नाही हे. आपलं हिरवं होतं. सर्जेराव ओट्यावर बसून होते, चहासुद्धा घेतला नाही. मला त्यांचा राग येईना. मान मीच डोलावली होती.

वच्छलाबाई आली अन् उभ्या उभ्या सांगून गेली, "रत्नमाला, चक्कर बंद करू नको. झाडाला पाला येईस्तोवर आम्ही बसू कोपऱ्यावर."

९ डिसेंबर

खरंच बसली! सर्जेराव शेजारी खुर्ची टाकून. हे दिसले की, "भूषणदादा, इकडं वळा." वळले.

१९ जानेवारी

आज कोपऱ्यावर बसायला सम्यकची आई अन् गल्लीतल्या कडूबाची पाळी. कडूबा पाळी चुकवत नाही, गप्पा मात्र नुसत्या थापा. सर्जेरावांनी खोडाची साल नखानं खरवडून दाखवली. आत हिरवं!

२ मार्च

फुटलं! कापल्या जागेच्या खाली तांबूस कोंब, पोराच्या करंगळीएवढे. कुणाला सांगू, कुणाला नको. पहिल्यांदा यांनाच नेऊन दाखवलं. बोटानं शिवून बघितलं अन् म्हणाले, नवीन लावलं का?

३० मार्च

पाडवा. गल्लीत एकानंही आपल्या निंबाची डहाळी तोडली नाही. वच्छलाबाईनं अजिंठ्याच्या माहेराहून पाला मागवला, घरोघर वाटला. आम्ही गुढी उभारत नाही, तरी मला गाठी अन् पुरणपोळी आली.

१३ एप्रिल

करवतवाले आले. वर बघितलं, एकमेकांकडं बघितलं, गेले. मी चहा पाजला त्यांना. हो, मी!

कोपऱ्यावरच्या खुर्च्या आता उचला म्हटलं, शेंडा दिसायला लागलाय. कुणी उचलत नाही.

२१ एप्रिल

दळण घेऊन आले तर हे पारावर बसलेले. चक्कर मारून एकटेच वळून आले होते, कुणी हाक न मारता. मला बघून हात जोडले. वरची पालवी दाखवली, आमचं झाड आहे म्हणाले. मग विचारलं, "तुम्ही कुणाकडच्या, बाई?"

डबा खाली ठेवला. म्हटलं, "निंबाखालच्या घरची."

"मग आपल्याच की," म्हणाले. अन् सरकून मला जागा दिली.