दोन पाय, दोन तऱ्हा

११ मे, दुपार

चि. धाकट्या,
अनेक आशीर्वाद. आम्ही मजेत. तुझे भावोजी खुर्चीत बसून हुकूम सोडतात, "पाय वर ठेव!" आणि मी चक्क ऐकते. यावरून ओळख, मी किती सुधारले ते.

बातमी अशी, की गेल्या महिन्यात उजव्या पायाच्या फुगलेल्या शिरांचंही ऑपरेशन उरकलं. रागावू नकोस. आधी कळवलं असतं तर सलून बंद करून धावत आला असतास आणि माझ्याआधी तूच आडवा झाला असतास.

डाव्या पायाच्या वेळी पाहिलंच की तुला. मला पूर्ण भूल दिली होती. जांघेत आणि गुडघ्याखाली चिरा देऊन खराब शीर ओढून काढली. मांडी काळीनिळी, पायभर पट्ट्या, आणि मला घरी न्यायला आलेला तू पांढराफटक. तेव्हाच म्हणालास, "ताई, मेलो तरी मी हे करणार नाही."

आता या खेपेचं ऐक. पाय तेवढा बधिर केला. सुई टोचून शिरेत बारीक तार सरकवली आणि लेझरच्या उष्णतेनं शीर आतल्या आत बंद केली. मी डॉक्टरीणबाईंना विचारत होते, "तुमचे केस इतके वाकडे कुणी कापले हो?" संध्याकाळी स्वतःच्या पायांनी घरी आले. मांडीत आठवडाभर ओढल्यासारखं दुखलं, घट्ट मोजा घालून फिरले, बस्स. जुन्या पद्धतीला नावं ठेवत नाही हं, तो पाय आजही ठणठणीत आहे. कुणाच्या शिरांना काय मानवेल, हे सोनोग्राफी केल्यावरच ठरतं म्हणे.

मोज्यावरून आठवलं. परवाच्या फोटोत भर उन्हाळ्यात तू चपलेत मोजे घातलेस. तुझ्या बायकोला काही विचारलं नाही. खोटं बोलताना ती बिचारी अडखळते.

बाबाही असेच मोजे घालायचे. तुझ्यामाझ्यासारखेच डाव्या पायावर भार टाकून दिवसभर दाढ्या करायचे. खुर्चीशेजारची फरशी झिजली, पण हूं की चूं केलं नाही. या शिरांपायीच घोट्यावर झालेली जखम आपल्याला कळली तेव्हा फार उशीर झाला होता, ती शेवटपर्यंत भरली नाही. मला भीती वाटते रे.

सोमवारी मी येतेय. तुझ्या गावातल्या डॉक्टरांकडे तपासणीची वेळ घेतली आहे. गिऱ्हाइकांची काळजी नको, माझी कात्री घेऊन येते. कुणाचे कल्ले वरखाली झाले तर नाव तुझंच खराब होईल, तेव्हा लवकर बरा हो.

दार तूच उघड. अनवाणी.

आता दोन्ही पायांवर सारखा भार टाकून उभी राहणारी,
तुझी ताई