चपलेसकट हात वर

मंगळवार, दिवेलागण

आज लई हसले. आमची सूनबाई सरपंच झाल्यापासनं पहिल्यांदाच ग्रामसभेला गेले. दुधाचं केंद्र बायकांच्या गटाकडं द्यायचं का, ते ठरायचं हुतं. गटात मी बी हाय, म्हणून जीव थाऱ्यावर न्हवता.

आता सभा भरती, तिथंच पूर्वी चावडी हुती. पाटील म्हणतील तेच व्हायचं, हात कोण मोजतंय! पुढनं जाताना आमी बाया चपला काढून हातात घ्यायचो. पाय पोळायचे. पण सासूबाईंच्या सावलीत चालायचे मी, ती सावली अजून आठवती. आज बी सवयीनं चपला हातात घेऊनच बसले, काय म्हणावं?

सूनबाईनं विचारलं, "ठरावाच्या बाजूनं कोण?" मी हात वर केला, चपलेसकट! शेजारचे दगडूभाऊजी दचकले. "वहिनी, मारू नका, मी तुमच्याच बाजूचा!" अन् त्यांनीही हात वर केला. सगळी सभा हसली.

सूनबाई म्हणाली, "आत्याबाई, चपला खाली, मग मोजते."

ठराव मंजूर! गटातल्या बायांनी ठरवलं, सकाळी केंद्र मीच उघडायचं. किल्ली कमरेला खोचलीय, तरी सारखी चाचपून बघतेय.